दोन भोंगे

सामना साडेतीनला होता आणि जर्विन मीड सकाळी सहापासून जागा होता. आईनं पुढ्यात ठेवलेला खारा मासा त्यानं चिवडून तसाच ठेवला. वडील वर्तमानपत्राआडून म्हणाले, "बॅट धरता येत नाही त्यानंच फुटबॉल खेळावा, हे मी तुला आठव्या वर्षी सांगितलं होतं." हे ते प्रत्येक सामन्याच्या सकाळी म्हणत. इतर वेळी जर्विन हसायचा. आज त्याला ते ऐकूही आलं नाही.

जर्विन राष्ट्रीय संघाचा गोलरक्षक. राष्ट्रीय म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीतरी भव्य उभं राहतं, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं. अँटिग्वाशेजारच्या आमच्या बेटाची वस्ती जेमतेम पाच हजार. गोल मारणारा डॅनव्हर पोस्टातली पत्रं वाटतो, कर्णधार लेस्टर वीक्स शाळेत गणित शिकवतो, बचावातले दोघे पोलीस आणि डावीकडून पळणारा बंदरावर क्रेन चालवतो. जर्विन विमानतळाच्या अग्निशमन दलात, आणि राखीव गोलरक्षक हेस्टन टुइट हाही तिथलाच. उंच माणूस दिसला की आमच्याकडे आधी दलवाले त्याला धरतात आणि मग फुटबॉलवाले. त्यामुळे बेटाचे दोन्ही गोलरक्षक एकाच ड्युटीच्या तक्त्यावर. हे काही बरं नव्हे असं सगळेच म्हणायचे, पण बेटावरचा तिसरा उंच माणूस म्हणजे पाद्रीबुवा, आणि ते चेंडू आला की डोळे मिटून घेत.

हेस्टन आता एकेचाळीस वर्षांचा. चौदा वर्षं तो त्या गोलमध्ये उभा राहिला आणि चौदा वर्षांत संघानं घरच्या मैदानावर एकही स्पर्धेचा सामना जिंकला नाही. मग गुडघे गेले आणि हातमोजे जर्विनकडे आले. जर्विनच्या पाच वर्षांतही काही वेगळं घडलं नव्हतं. पण आजचा अरुबाचा संघ थकून आला होता, त्यांचे दोन चांगले गडी जायबंदी होते, आणि बेटावर गेला आठवडाभर लोक दबक्या आवाजात एकमेकांना सांगत होते की झालं तर आजच.

अकराच्या सुमारास जर्विन इस्पितळात गेला. हेस्टनची आई मिस फिलोमिना (वयानं मोठ्या बाईला आमच्याकडे मानानं मिसच म्हणतात) खिडकीजवळच्या खाटेवर होती, नाकावर प्राणवायूचा मास्क, छाती वरखाली होत होती. तिच्या हातचं खाल्लं नाही असा माणूस संघात नव्हता. सरावाहून येताना पोरं तिच्या अंगणातून जायची आणि ती पातेलं उघडून बकऱ्याच्या रश्श्याचे वाडगे भरत राहायची. त्यातही जर्विनला एक हाड जास्त, कारण गोलरक्षकाला हाडांची गरज असते असं तिचं मत होतं.

हेस्टन गणवेशातच बसला होता. त्याची ड्युटी बारा वाजता सुरू होणार होती. खरं म्हणजे ती जर्विनची ड्युटी. तीन आठवड्यांपूर्वीच हेस्टननं ती स्वतःहून अंगावर घेतली होती, तेव्हा आई ठणठणीत होती.

"डॉक्टर काय म्हणतात?" जर्विननं विचारलं.

"इथं होण्यासारखं नाही म्हणतात. अँटिग्वाला न्यायला हवं. रुग्णांचं विमान दुसऱ्या बेटावर अडकलंय. सुटलं तर संध्याकाळच्या आत येईल." हेस्टननं आईची चादर सारखी केली. "काळोख पडला की आपल्या धावपट्टीवर कोण उतरतंय. मग उद्या."

जर्विननं खाटेवरच्या मिस फिलोमिनाकडे पाहिलं. मग म्हणायचं ते म्हणाला. "तू थांब इथं. मी जातो ड्युटीवर."

"आणि गोलमध्ये कोण? मी? या गुडघ्यांवर? चर्चमधल्या बायकासुद्धा गोल मारतील मला."

"तसं नाही रे."

"तसंच आहे. जा तू." हेस्टननं आवाज खाली आणला. "एक ऐक फक्त. विमानात आजाऱ्याबरोबर एकाच माणसाला जागा असते. मी गेलो तर खाली धावपट्टीवर आपल्या दलाचे आयँथी आणि क्लॉडियस दोघेच उरतात."

पुढचं सांगायची गरज नव्हती. विमान उतरताना आणि उडताना तीन जवान बंबापाशी हवेत, दोन असले तर विमान हलत नाही, हा नियम दलात पहिल्या दिवशी शिकवतात. दलात माणसं सात. त्यातली दोन बार्बाडोसला शिकायला गेलेली, एक पाय मोडून घरी.

"भोंगा वाजवीन मी," हेस्टन म्हणाला. "ऐकलास की ये. तू बंबाजवळ उभा राहिलास की मी तिच्याबरोबर जाईन. तिला विमानाची भीती वाटते, जर्विन. आयुष्यात एकदा बसलीय, तेही माझा हात धरून. माझ्या दंडावर तिची नखं उमटली होती."

"येईन. हे काय सांगणं झालं?"

"सामना चालू असला तरी?"

"मिस फिलोसाठी नाही येणार का मी?" जर्विन म्हणाला, आणि त्या घडीला त्याला ते अगदी मनापासून वाटत होतं.

निघताना हेस्टननं हाक मारली. "आणि अरीटाला सांग, तो डबा जरा आवर म्हणावं."

तो डबा म्हणजे जर्विनचंच पाप. स्टेशनवर विजेचा नवा भोंगा बसवला तेव्हा जुना, हातानं फिरवायचा भोंगा अडगळीत पडला. मैदानावर मांसाच्या गरम पॅटिस विकणाऱ्या मिस अरीटा या संघाच्या पाठीराख्यांच्या स्वयंघोषित पुढारी. त्यांनी जर्विनच्या मागे लकडा लावून तो मागून घेतला. फक्त आपला गोल झाला की वाजवायचा अशी अट होती. मागच्या सामन्यात संघ तीन-शून्य हरला, त्यामुळे भोंगा अटीप्रमाणे गप्पच राहिला.

दुपारी मैदान फुलून गेलं. मैदान टेकडीवर आहे आणि धावपट्टी तिच्या पायथ्याशी. जर्विनच्या गोलमधून मान डावीकडे वळवली की खाली बंबाचं लाल छप्पर दिसतं. मिस अरीटांचं दुकान उजव्या कोपऱ्यात, तंबूच्या मागे. ते दिसत नाही, फक्त वास येतो. प्रशिक्षक स्केरिट सरांनी आपला फोन बंद करून पिशवीत टाकला. ते नेहमीच टाकत, कारण ज्याला बाकावर बसवलं त्याची आई सामना चालू असताना फोन करून जाब विचारत असे.

पहिला अर्धा वेळ गोलशून्य गेला. जर्विननं दोन चेंडू चांगले अडवले, पण प्रत्येक वेळी चेंडू पलीकडे गेला की त्याची मान डावीकडे वळायची. आकाश रिकामं, लाल छप्पर स्थिर. मध्यांतरात सगळे संत्री चोखत असताना त्यानं सरांना विचारलं, "विमानाचं काही कळलं?"

"मला विमानाचं कळत असतं तर मी इथं असतो का?" सर म्हणाले. "तू चेंडूकडे बघ."

बासष्टाव्या मिनिटाला डॅनव्हरनं गोल मारला. कसा मारला हे त्यालाही नंतर नीट सांगता आलं नाही, बहुधा गुडघ्यानं. मैदान नुसतं उसळलं. पोलीस बँडचा ढोल, शंख, शिट्या, आणि त्या सगळ्याच्या वर मिस अरीटांचा भोंगा. त्यांचा उजवा खांदा दुखायचा, त्यामुळे आवाज चढायचा, मध्येच दम खायचा, खाली यायचा, पुन्हा चढायचा. जर्विन गोलमध्ये एकटाच नाचला.

सहा मिनिटांनी भोंगा पुन्हा वाजला.

हा आवाज चढला आणि वर जाऊन तिथंच राहिला. सरळ, न हलता, पुरतं अर्धं मिनिट.

"मिस अरीटा, पुरे आता," कोणीतरी ओरडलं आणि लोक हसले.

जर्विननं खाली लाल छपराकडे पाहिलं. मग त्याच्या डोक्यानं पटापट कामाला सुरुवात केली, आणि डोकं किती कामसू असतं ते त्याला त्या दिवशी समजलं. मिस अरीटांनी मदतीला दुसऱ्या कोणाला घेतलं असेल. तरुण हात, म्हणून आवाज सरळ. असंही असू शकतं. आणि समजा तो भोंगा खालचा असला, तरी विमान आत्ता कुठं त्या दुसऱ्या बेटावरून निघालं असणार. वीस मिनिटं येण्यात जातील. आजारी माणसाला चढवायला आणखी दहा. टेकडी उतरायला त्याला पाच मिनिटं पुरे होती. घाई करण्यात अर्थ नव्हता.

तो राहिला. राहिला म्हणजे, त्यानं ठरवलं असं काही झालं नाही. चेंडू आला, त्यानं तो पकडला, लांब मारला, आणि तेवढ्यात पुढचा आला.

अरुबावाले आता चवताळले होते. त्र्याहत्तराव्या मिनिटाला डावीकडचा क्रेनवाला पायात गोळा येऊन खाली बसला आणि सरांनी शेवटचा बदली खेळाडू आत पाठवला. तो आत धावत येताना जर्विननं पाहिलं आणि मनात हिशेब केला की आता आपण गेलो तर संघ दहा जणांचा. पाच मिनिटांपूर्वी गेलो असतो तर आपल्या जागी कोणीतरी आलं असतं. आता मात्र जाणं म्हणजे संघाला खड्ड्यात घालणं. हे त्याला पटलं, आणि पटल्याचं बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची त्याला लगेच शिसारी आली.

तो सरळ भोंगा दुसऱ्यांदा वाजला तेव्हा अरुबाचा उंच गडी समोरून एकटाच येत होता. जर्विन पुढे धावला, आडवा पडला, चेंडू छातीवर घेतला. लोक वेडे झाले. तो मातीत पडून राहिला, कान जमिनीला लागलेला, आणि भोंगा सरळ वाजत होता.

उठून त्यानं तंबूकडे पाहिलं. मिस अरीटा दुकान सोडून दोरीपाशी आल्या होत्या. डोक्याला हिरवा रुमाल, दोन्ही हात डोक्यावर, चेहऱ्यावर धास्ती. हात रिकामे. भोंगा अजून वाजतच होता.

आता डोक्याकडेही काही सबब शिल्लक उरली नाही.

"हा कॉर्नर झाला की जातो," तो स्वतःशी म्हणाला. कॉर्नर झाला. त्यातून दुसरा निघाला. "हा झाला की." घामानं हातमोजे आतून बुळबुळीत झाले होते. त्याला मिस फिलोचा हात दिसत होता, वाडगा पुढे करणारा, आणि त्याच वेळी घड्याळही दिसत होतं. एकोणीस वर्षं. चौदा हेस्टनची, पाच त्याची. आणखी दहा मिनिटं. हेस्टनला तरी हेच हवं नव्हतं का? मिस फिलोलाही कळलं तर ती म्हणेल, थांब बाळा, आटप तुझं. हे सगळं तो तिच्या तोंडी घालत होता, आणि ती बिचारी खाली गाडीतल्या स्ट्रेचरवर मास्क लावून पडली होती.

विमान समुद्रावरून आलं. पांढरं, लहान, एका बाजूला जरा कललेलं. ते टेकडीच्या खाली गेलं आणि दिसेनासं झालं. पुढची कितीतरी मिनिटं चेंडू जर्विनच्या गोलसमोरून हललाच नाही. कोणी मारलं, कोणी अडवलं, त्याला नंतर काही आठवलं नाही. मग तिसरा भोंगा झाला. हा आखूड होता. लावला आणि बंद केला, वाजवणाऱ्यालाच आता आशा राहिली नसल्यासारखा.

जर्विननं हातमोजे काढले.

चेंडू बाहेर गेला होता. तो थेट रेफरीकडे चालत गेला. "मला जायचंय."

"दुखापत?"

"नाही. जायचंय."

लेस्टर धावत आला. वर्गात पोरांवर ओरडतो तसा ओरडला, "डोकं फिरलंय का तुझं? चार मिनिटं राहिलीत. कुठं चाललास?"

"हेस्टनच्या आईला नेतायत. खाली तिसरा माणूस नाही."

लेस्टरचं तोंड उघडं राहिलं. त्यानं खाली धावपट्टीकडे पाहिलं, मग जर्विनकडे. "भोंगा तो होता?"

जर्विन दोरीकडे वळला. लेस्टरनं त्याच्या हातातून मोजे ओढून घेतले आणि स्वतःच्या हातावर चढवू लागला. "शर्ट दे. लवकर दे, गाढवा."

बाकावरून स्केरिट सर काहीतरी ओरडत होते. दोरीपाशी लोकांनी वाट करून दिली. कोणी शिवी दिली नाही, कोणी टाळीही वाजवली नाही. मिस अरीटा एवढंच म्हणाल्या, "पळ रे," आणि तो पळाला.

शेळ्यांच्या वाटेनं तो उतरला, उघड्या अंगानं, खिळ्यांचे बूट दगडांवर घसरत. दोनदा पडला. मागून ढोल थांबला होता. डांबरी रस्त्याला लागला तेव्हा बूट टापांसारखे वाजू लागले, आणि त्याला विमानाचे पंखे ऐकू आले. सुरू झालेले.

फाटक उघडंच होतं. विमान धावपट्टीच्या टोकाशी उभं, दार अजून उघडं, शिडी लावलेली. आत आडवं काहीतरी पांढरं आणि वाकलेली परिचारिका. बंबाजवळ तिघं. आयँथी केबी, दलाच्या प्रमुख, हातात रेडिओ. क्लॉडियस नळीपाशी. आणि हेस्टन, चंदेरी कोट घालून, शिरस्त्राण चढवून, आईकडे तोंड करून ताठ उभा. नियमाप्रमाणे.

"केबीबाई," जर्विन धापा टाकत म्हणाला, "आलो."

आयँथींनी त्याच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. गुडघ्यातून रक्त, पायात खिळ्यांचे बूट. मग रेडिओत म्हणाल्या, "एक मिनिट थांबा. माणूस बदलतोय."

"एक मिनिटच, मॅडम," रेडिओतून आवाज आला. "उजेड जातोय."

हेस्टननं कोट उतरवला आणि जर्विनच्या खांद्यांवर टाकला.  शिरस्त्राण त्याच्या डोक्यावर ठेवलं आणि हनुवटीखालचा पट्टा ओढून बसवला. पूर्वी, जर्विन नवा होता तेव्हा, हेस्टन प्रत्येक सामन्याआधी असाच त्याच्या मनगटावरची चिकटपट्टी ओढून बसवायचा.

"ऐकू आलं नाही का रे?" त्यानं विचारलं. रागानं नाही. खरंच विचारलं.

उत्तर तयार होतं. मिस अरीटांचा डबा होता, शंख होते, ढोल होता. अख्खं मैदान साक्षीला होतं. बेटावर एकानंही शंका घेतली नसती.

"आलं," जर्विन म्हणाला. "पहिल्यांदाच आलं होतं."

हेस्टनची बोटं पट्ट्यावर थांबली. जर्विनला वाटलं, आता हा मारणार, आणि मारलं तर बरं होईल.

"किती आहे?" हेस्टननं विचारलं.

"काय?"

"गोल, जर्विन."

"एक-शून्य. आपले."

हेस्टननं मान हलवली. ती कशासाठी हलवली हे जर्विनला पुढे कित्येक वर्षं समजायचं नव्हतं. मग तो वळला आणि त्या गेलेल्या गुडघ्यांवर पळत सुटला. शिडी चढताना एकदा अडखळला. आतून एक हात वर आला होता, बारीक, सुरकुतलेला, हवेत काहीतरी चाचपत असलेला. हेस्टननं तो धरला आणि दार लागलं.

विमान उडताना बंबावरच्या जवानानं नजर विमानावरून काढायची नसते. जर्विननं काढली नाही. विमान धावलं, उचललं गेलं, समुद्रावर वळलं. त्याच्या पाठीमागे टेकडी होती आणि टेकडीवर वाया गेलेल्या मिनिटांच्या भरपाईचा सामना चालू होता, गोलमध्ये गणिताचे मास्तर होते, आणि तिथून कसलाही आवाज येत नव्हता. त्याला वाटलं, गेलं सगळं. उशिरा येऊन ह्यांचंही वाटोळं केलं, आणि सोडून येऊन त्यांचंही. हेस्टन आईजवळ पोचला खरा, पण ती दहा-पंधरा मिनिटं, स्ट्रेचरवर एकटी, पंख्यांचा आवाज ऐकत पडलेली, ती काही कोणी तिला परत देणार नव्हतं.

विमानाचा ठिपका झाला आणि मग तोही गेला. तेव्हा टेकडीवर भोंगा वाजला.

क्लॉडियस दचकून नळीवरून उठला. आयँथींची नजर आपोआप स्टेशनच्या छपराकडे गेली. "हा कुठला?" त्यांनी विचारलं. "आपला की तिचा?"

आवाज चढला, मध्येच दम खाल्ला, खाली आला, पुन्हा चढला. मागोमाग ढोल सुरू झाला.

"मिस अरीटांचा," जर्विन म्हणाला. "जिंकलो आपण."

"नक्की ना? मला तर दोन्ही सारखेच वाटतात."

जर्विननं हनुवटीखालचा पट्टा सोडवायचा प्रयत्न केला. हेस्टननं तो फार घट्ट ओढला होता.

"नाहीत सारखे," तो म्हणाला. "मी कधी चुकत नाही."

आयँथी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पुढे होऊन तो पट्टा सोडवला, शिरस्त्राण त्याच्या हातात दिलं, आणि नळी गुंडाळायला गेल्या.